पोंग्यातली हळद

चंदनाक्कांच्या गच्चीवर जाताना गल्लीतल्या बायका पदर खोचून घेत नाहीत, उलट मुद्दाम सैल सोडतात. कारण सरळ आहे. गच्चीवर ज्या शंभर-सव्वाशे चिमुकल्या कुंड्या ओळीनं मांडल्यात, त्यातल्या झाडाचं पान मागून कधी मिळत नाही. "आपणहून पडलं की देते," हे आक्कांचं ठरलेलं उत्तर. मग पान पाडायला पदराचा एखादा झोका लागला, तर त्यात कुणाचा दोष? शेजारची प्रांजल तर एकदा "अय्या काकू, हे कुठलं हो?" म्हणत इतक्या जोरात गर्रकन वळली, की तिच्या ओढणीनं एका झाडाची सात पानं खाली आली. आक्कांनी सातही उचलली, वर्तमानपत्राच्या कागदात बांधली आणि तिच्या हातात दिली. "घे. पण पुढच्या बारीला ओढणी घरी ठिवून ये," एवढंच म्हणाल्या.

सांगलीत, विश्रामबागेच्या मागच्या अंगाला त्यांचं घर आहे. चंदनबाला पायगोंडा पाटील हे त्यांचं कागदावरचं नाव. बाकी सगळ्या गल्लीला त्या चंदनाक्का. झाडं कसली, तर जाड पानांची, पाणी पोटात साठवून बसलेली. नर्सरीवाले त्यांना सक्युलंट म्हणतात. कुणाची पानं द्राक्षाच्या मण्यांएवढी, कुणाची टोकाला काचेसारखी आरपार, आणि सगळ्यांचा एकच गुण: वाढायची घाई कुणालाच नाही. आक्कांचे यजमान पायगोंडा आण्णा यांनी सगळा जन्म डिग्रजच्या मळ्यात ऊस आणि हळद पिकवण्यात घालवला. वर्षाच्या आत डोक्यावर न जाणाऱ्या झाडाला झाड म्हणायला ते तयार नसत. "उभी कवा ऱ्हानार गं ही? बसूनच हायत की," असं विचारून ते जिना उतरत.

सुरुवातीला आक्कांनी ही झाडं मळ्यातल्या काळ्या मातीत लावली होती. कृष्णाकाठची माती, तिच्यात काठी खोचली तरी फुटते. ही झाडं मात्र महिन्याभरात मऊ पडून बसली. धुण्याभांड्याला येणारी रंगुबाई मूळची जतकडची, धनगराची लेक. तिनं कुंडीत बोट घालून बघितलं आणि म्हणाली, "आवं आक्का, ह्या गाळात आमची शेळीबी उभी ऱ्हायची न्हाई. ह्यास्नी माळ पायजे." पुढच्या खेपेला ती माहेराहून येताना पिशवीभर मुरूम घेऊन आली. तेव्हापासून जतचा मुरूम, जरासा कोळशाचा चुरा आणि नावाला शेणखत, हे त्या कुंड्यांचं अन्न.

आपणहून पडलेलं पान आक्का सावलीत, कोरड्या मुरमावर नुसतं ठेवून देत. पाणी नाही, पुरणं नाही. दोन-तीन आठवड्यांनी देठाच्या टोकाला गुलाबी दोऱ्यासारखं मूळ डोकावायचं, मग मोहरीएवढं झाड. मूळचं पान हळूहळू सुकत जायचं आणि त्याच्यातलं सगळं बाळाला मिळायचं. त्या सुकत्या पानालाही आक्का हात लावत नसत. ते गळून पडेल तेव्हा पडेल.

आता एवढी सोशिक माणसं जगात फारशी नाहीत, आणि आक्काही जन्मतः तशा नव्हत्या. त्यामागं एक नेम होता.

तीस वर्षांपूर्वी त्यांची एकुलती एक श्रद्धा सहा वर्षांची असताना तापानं फणफणली. मिरजेच्या दवाखान्यात नेलं, डॉक्टरांनी मेंदूत ताप गेलाय म्हणून सांगितलं. चार दिवस पोरीनं डोळे उघडले नाहीत. त्या वर्षी गावच्या बस्तीत, म्हणजे जैन देवळात, एका मुनिमहाराजांचा चातुर्मास होता. आक्का दवाखान्यातून तशाच तिथं गेल्या. समोर हात जोडून म्हणाल्या, "मला नेम द्या. जितं झाड मी तोडनार न्हाई. पान न्हाई, फूल न्हाई, गवताची काडी न्हाई."

महाराज म्हणाले, "विचार करून बोल, बाई. शेतकऱ्याच्या घरात आहेस."

"केलाय इचार. कृत, कारित, अनुमोदना. तिन्हीचा द्या."

म्हणजे स्वतः तोडायचं नाही, दुसऱ्याला सांगून तोडवून घ्यायचं नाही, आणि कुणी तोडलंच तर "बरं केलंस" असं तोंडानंही म्हणायचं नाही. पाचव्या दिवशी श्रद्धानं डोळे उघडून पाणी मागितलं. पोरगी औषधानं वाचली हे आक्कांना कळत होतं; त्या अडाणी नव्हत्या. पण आईचं मन डोक्याला विचारून चालत नाही. नेम आणि लेकीचा श्वास, त्यांच्या मनात एकाच गाठीत बांधले गेले ते कायमचेच.

बाजारातून आलेली मेथी त्या निवडत, शिजवत. ती कुणी तोडली ते आपल्याला ठाऊक नाही, आपण सांगितलेलं नाही; फार खोलात शिरलं तर ताटच बाजूला सारावं लागेल. पूजेला त्या झाडाखाली सांडलेला पारिजातक तेवढा वेचत. पण डिग्रजच्या घरात म्हशीला वैरण कापायची होती, परड्यातली भाजी खुडायची होती. सून विळ्याला हात लावणार नाही म्हटल्यावर सासूबाईंचं तोंड चार दिवस वाकडंच होतं. आण्णा मात्र एक अक्षर बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी आक्का गोठ्यात गेल्या, तर वैरण कापून रचलेली होती. स्वयंपाकघरात गेल्या, तर खिडकीच्या फळीवर कोथिंबिरीची काडी-काडी जुळवलेली जुडी. त्यांनी कधी सांगितलं नाही, यांनी कधी विचारलं नाही. शेती पुतण्याकडं सोपवून सांगलीला आले तरी परसातल्या वाफ्यातली कोथिंबीर रोज सकाळी फळीवर येतच राहिली. आणि नेम म्हणजे नेम. तीस वर्षांत आण्णांना त्या कोथिंबिरीबद्दल एक गोड शब्द मिळाला नाही.

कुंड्यांचा छंद लागला तेव्हा आण्णांनी तिथंही मदत करून पाहिली. एकदा दोन चांगली टपोरी पानं मोडून त्यांनी आक्कांच्या पुढ्यात ठेवली. आक्कांचा चेहरा असा काही उतरला की आण्णांनाच कसंसं झालं. "ह्या कुंड्यांपुरतं तरी मधी येऊ नगासा. शब्द द्या," त्या म्हणाल्या. "न्हाई लावत हात," आण्णांनी शब्द दिला आणि पाळला.

त्या सव्वाशे कुंड्यांत एक कुंडी वेगळी होती, जिन्याच्या पत्र्याखाली, सकाळचं ऊन मिळेल अशी. ती श्रद्धानं आणली होती. पोरगी शिकली, पाचगणीच्या एका निवासी शाळेत गणित शिकवायला लागली. शाळेतून निवृत्त होणाऱ्या मेट्रनबाईंनी तिला हे झाड दिलं आणि तिनं ते एसटीतून, मांडीवर रुमालात धरून, आईसाठी आणलं. त्याला अकरा वर्षं झाली. तेव्हा लिंबाएवढं होतं, आता संत्र्याएवढं झालंय. जाड, टोकदार पानांचा गोल गड्डा, आणि निम्म्या पानांवरून उतरलेला लोण्याच्या रंगाचा पट्टा. मेट्रनबाईंनी सांगितलं होतं, याचं पान लावून उपयोग नाही. पानातून येईल ते साधं हिरवं. पट्ट्याचं झाड हवं तर बुडाला पिल्लू फुटायची वाट बघायची.

"आई, पहिलं पिल्लू माझं," श्रद्धा म्हणाली होती.

अकरा वर्षांत पिल्लू काही फुटलं नाही. मधल्या काळात श्रद्धानं सहा स्थळं नाकारली. सहाव्या वेळी बापलेकीत शब्दाला शब्द लागला. आण्णा बोलू नये ते बोलले, तीही बोलू नये ते बोलली, आणि मग दोघांनी बोलणंच टाकलं. ती आता छत्तीसची आहे. दर रविवारी सकाळी दहाला आईला फोन करते. लग्नाचा विषय बंद, तिच्या शाळेतलं आक्कांना कळत नाही, गल्लीतलं तिला कळत नाही. मग "पिल्लू आलं का?" यावरून बोलणं सुरू व्हायचं आणि कुंड्याकुंड्यांतून फिरत अर्धा तास चालायचं. दहाच्या सुमारास आण्णांना नेमकं खिडकीबाहेर सायकल उलटी करून साखळीला तेल घालायचं असे. आण्णांच्या सायकलीइतकी तेल प्यायलेली साखळी सगळ्या सांगलीत सापडायची नाही. फोन ठेवला की ते आत यायचे.

"काय म्हनत हुती?"

"पिल्लू आलं का, इचारत हुती."

"आलं?"

"न्हाई."

एवढं ऐकून ते हात धुवायला जायचे.

गेली दोन वर्षं श्रद्धा घरी आली नव्हती. सुट्टी लागली की शाळेचं काहीतरी निघायचं. यंदा आषाढात मात्र ती फोनवर म्हणाली, "आई, पिल्लू आलं ना, की मी स्वतः न्यायला येईन. तू कुणाबरोबर पाठवू नकोस." बोलली सहजच, पण आक्कांच्या मनात ते जाऊन बसलं. पिल्लू आलं की लेक येणार. ज्या बाईनं जन्मभर पान गळायची वाट बघितली, तिला पहिल्यांदाच घाई झाली.

श्रावणापासून त्या रोज सकाळी बस्तीतून येताना पितळी वाटीत गंधोदक आणू लागल्या. देवाच्या मूर्तीला दुधाचा, उसाच्या रसाचा, चंदनाचा अभिषेक होतो, त्याचं ते पाणी. कपाळाला लावायचं, डोळ्यांना लावायचं. आक्का तसं लावत आणि उरलेल्यातला एक थेंब त्या झाडाच्या मधोमध, कोवळी पानं मिटून असतात तिथं सोडत. एकच थेंब. देवाच्या अंगावरून आलेल्या पाण्यानं वाईट काय होणार?

भाद्रपदात दशलक्षण पर्व सुरू झालं. दहा दिवसांचं ते पर्व, रोज एका धर्माचं: पहिला क्षमेचा, मग बाकीचे. या दिवसांत घरात हिरवं शिजतसुद्धा नाही, सगळा संयमच. तिसऱ्या दिवशी, शुक्रवारी, आक्कांनी थेंब सोडायला बोट पुढं केलं आणि मधलं कोवळं पान न ओढताच हाताला आलं. मऊ, मधाच्या रंगाचं, आंबूस वासाचं. तीस वर्षं आपणहून पडलेल्या पानाला त्यांनी कपाळाला लावलं होतं. हे पान हातात घेऊन त्या तशाच जिन्याच्या पायरीवर बसल्या.

चहाला का आल्या नाहीत म्हणून आण्णा वर आले. शब्द दिल्यापासून ते कुंड्यांपासून चार हात लांब उभे राहत. तसेच उभे राहून त्यांनी मान लांब केली.

"पोंगा कुजला," ते म्हणाले. उसाच्या मधल्या कोंबाला पोंगा म्हणतात. आण्णांकडं झाडांसाठी दुसरे शब्द नव्हते. "वेळेत कुजकं काढलं तर खालचा गड्डा ऱ्हातो. बियाण्याच्या हळदीला करतो तसं."

"मला नगा सांगू ते."

"मी कुठं काय सांगालोय?" पण आण्णांना राहवलं नाही. "पर पोंग्यात पानी गेलं कुठनं?"

आक्कांची नजर हातातल्या वाटीवर गेली. आण्णांचीही गेली. चंदनाचा वास येत होता. आण्णांनी पत्र्याकडं पाहिलं, मग आभाळाकडं पाहिलं.

"पाऊसच लई झाला औंदा," ते म्हणाले आणि खाली गेले.

पत्र्याखालच्या कुंडीत पाऊस जात नाही, हे दोघांनाही माहीत होतं. मी माझ्या हातानं मारलं याला, आक्कांच्या मनात आलं, आणि त्यांना रडू फुटलं.

रंगुबाईनं धुणं वाळत घालताना ते पाहिलं. "आवं, त्यात रडायचं काय? द्या हिकडं इळी, टाकते काढून. शेळीचा खूर सडला की आमी कापतोय की. शेळी जगती."

"तू कापलंस आनि मी बघत बसले, तर मीच कापल्यागत हाय."

"मग तिकडं त्वांड करून बसा."

"मी तिकडं त्वांड केलं, म्हंजे तुला काप म्हनून सांगितल्यागतच की गं."

रंगुबाईनं पिळलेलं लुगडं झटकलं. "तुमचा देव लय बारीक बघतुया बाई," ती म्हणाली. "बरं ऱ्हायलं. माझ्या हातनं तुमचं पाप नगं."

दोन दिवस आक्का गच्चीवर जाऊन नुसत्या बघून येत होत्या. कुज एकेका पानानं खाली सरकत होती. तीनदा त्यांच्या मनात आलं की नेम सोडावा. छत्तीस वर्षांच्या पोरीला आता कशाचा ताप येतोय? पण तिनं चार दिवस न उघडलेले डोळे आठवले की त्या तशाच खाली यायच्या. झाड गेलं तर लेकीशी बोलायचा धागा जाणार होता. नेम गेला तर काय जाईल, ते मनात आणायचीही त्यांना भीती वाटत होती.

रविवार आला. दहाला फोन वाजला. बाहेर आण्णांनी सायकल उलटी केली होती.

"आई, पिल्लू आलं का?"

"न्हाई अजून."

"झाड बरं आहे ना?"

आक्कांनी खिडकीचा गज धरला. "हाय," त्या म्हणाल्या.

बाहेर फिरणारं पॅडल थांबलं. तो पर्वाचा पाचवा दिवस होता, उत्तम सत्याचा. दुपारी आक्का बस्तीत प्रवचनाला गेल्या. पंडितजी दोन तास सत्यावर बोलले आणि आक्का दोन तास खाली मान घालून बसल्या. संध्याकाळी घरी आल्यावर गच्चीचा जिना चढायचं त्यांच्यानं झालं नाही.

सोमवारी सकाळी त्यांनी चहाचा कप पुढं ठेवला, तर आण्णांनी तो मागं सारला.

"मला नगं आज. उपास हाय."

"तुमचा?"

आक्कांना हसावं की काय करावं कळेना. या माणसानं आयुष्यात अनंत चतुर्दशीचासुद्धा उपास धरला नव्हता. शेतकऱ्याला उपास सोसत नाही, असं म्हणून ते दरवर्षी दोन भाकरी जास्त खात. कप परत घेताना आक्कांचं लक्ष त्यांच्या हाताकडं गेलं. उजव्या हाताचा अंगठा नखापर्यंत पिवळा होता. हळद लावणं सोडून या माणसाला बारा-तेरा वर्षं झाली होती. स्वयंपाकघरात मिसळणाच्या डब्याचं झाकण तिरपं बसलेलं होतं.

त्या जिना चढून वर गेल्या. पत्र्याखालची कुंडी उन्हाच्या बाजूला सरकवलेली होती. झाडाचा कुजलेला मधला सगळा भाग नाहीसा झाला होता. धारदार पात्यानं, घाई न करता, निरोगी पांढरं लागेपर्यंत कोरून काढलेलं. खालच्या पानांचं कडं तेवढं शिल्लक होतं, आणि मधल्या खळग्यात काठोकाठ हळद भरलेली. बियाण्याचा गड्डा आण्णा असाच जपायचे.

आक्का कितीतरी वेळ उभ्या राहिल्या. त्यांना आनंद झाला. मग वाटलं, आनंद झाला म्हणजे अनुमोदनाच की. त्यांनी आनंद न व्हावा म्हणून णमोकार मंत्र म्हटला, तरी तो होतच राहिला. ज्या दिवसांत आण्णा स्वतः हिरव्या मिरचीला शिवत नव्हते, त्या दिवसांत त्यांनी हे केलं होतं. दिलेला शब्द मोडून, कुणी न सांगता, आणि पाप एकट्याच्या नावावर घेऊन. खाली येऊन आक्का काही बोलल्या नाहीत. बोलणार काय? बरं केलंत म्हणायचं नव्हतं आणि का केलंत म्हणवत नव्हतं.

दिवसभर बाहेर गणपतीचे ढोल वाजत होते आणि आण्णा भुकेनं तळमळत होते. चार वाजता त्यांनी उकळून गार केलेलं पाणी तेवढं घेतलं. संध्याकाळी आक्का तेलाची वाटी घेऊन आल्या आणि त्यांच्या तळपायांना तेल चोळायला लागल्या.

"हे कशाला?" आण्णा म्हणाले.

"उपास धरलाय न्हवं. त्याचं करालेय."

उपासाचं कौतुक करायला नेमाची आडकाठी नव्हती. आक्कांनी ते अंधार पडेपर्यंत केलं.

पर्व संपलं, आणि क्षमावाणीचा दिवस आला. त्या दिवशी लहानथोर सगळे एकमेकांना हात जोडतात, वर्षभरात कळत-नकळत काही चुकलं असेल तर क्षमा मागतात. बस्तीत आक्कांनी पन्नासेक जणांना हात जोडले. घरी आल्यावर आण्णा टोपी घालून, उभे राहून वाट बघत होते. दरवर्षी ते खुर्चीतूनच हात जोडत.

"चंदना," त्यांनी हाक मारली. नावानं ते क्वचितच बोलवत. "उत्तम क्षमा."

"उत्तम क्षमा. कळत-नकळत काय झालं असंल तर..."

"नकळत काय न्हाई," आण्णा मधेच म्हणाले. "कळून केलंय. शब्द मोडला तुझा."

आक्का खाली बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "शब्द मोडल्याची क्षमा केली."

"आनि कापल्याची?"

"त्याचीबी केली." त्यांनी डोळे वर केले. "पर बरं केलासा, आसं म्हननार न्हाई मी."

"कोन म्हन म्हनालंय?"

आण्णा टोपी काढून खुर्चीत बसणार, तेवढ्यात आक्कांनी त्यांची बाही धरली. "मलाबी क्षमा करा. तीस वर्सं कोथिंबीर खाल्ली तुमची. एका शब्दानं कवा..."

आण्णांनी बाहीवरच्या त्या हाताकडं पाहिलं. "माझी कुठली?" ते म्हणाले. "ती आपनहून पडत हुती की फळीवर."

आक्का रडता रडता हसल्या. एवढ्या वर्षांच्या संसारात या दोघांनी एकमेकांना एवढं कधी बोलून दाखवलं नव्हतं.

पुढच्या रविवारी आक्कांनी श्रद्धाला खरं काय ते सांगितलं. गंधोदकाचं, कुजल्याचं, फोनवर खोटं बोलल्याचं. मग श्रद्धानं हळूच विचारलं, "आई, तू त्याला रोज तीर्थ पाजत होतीस? माझ्यासाठी?" "व्हय," आक्का म्हणाल्या. "कापलं कुणी?" तिनं विचारलं. "ते मला म्हनता यायचं न्हाई," आक्का म्हणाल्या. नेम काय तो तिलाही ठाऊक होता. आणि घरात माणसं किती आणि त्यांतलं हळदीचं कुणाला कळतं, हे गणिताच्या बाईला सांगावं लागलं नसणार.

मग वाट बघणं आलं, आणि त्यात तर आक्का मुरलेल्याच होत्या. दिवाळी झाली. हळदीचा थर वाळून त्याला भेगा पडल्या. खालची पानं नुसतीच होती तशी होती. ना वाढत, ना मरत. आण्णा वर येत नसत. निदान आक्कांसमोर तरी नसत.

जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी आक्का भिंग घेऊन वर गेल्या. हळदीच्या पिवळ्या कडेला, दोन पानांच्या बेचक्यात, तांदळाच्या कणीएवढं काहीतरी टोचून वर आलं होतं. जरा पलीकडं दुसरं. भिंग जवळ नेलं. हिरव्या कणीवर लोण्याच्या रंगाची एक रेघ होती.

त्या जिना उतरून खाली आल्या तेव्हा दहा वाजायला आले होते. आण्णांनी सायकल उलटी केली होती. आक्का त्यांना ओलांडून आत गेल्या. फोन वाजला.

"आई, पिल्लू आलं का?"

आक्का फोन घेऊन दाराबाहेर गेल्या. "तुमास्नी इचारालीय," त्या आण्णांना म्हणाल्या.

आण्णांनी आपले तेलानं माखलेले दोन्ही हात दाखवले. आक्कांनी फोन त्यांच्या कानाला लावून धरला आणि दुसऱ्या हाताची दोन बोटं वर केली, गच्चीकडं. बरं केलंत म्हणायची बंदी होती. पण बातमी कुणी सांगायची, यावर महाराजांनी काही बंधन घातलं नव्हतं.

"आण्णा?" फोनमधून आवाज आला.

"व्हय." आण्णांनी घसा साफ केला. त्यांनी आक्कांच्या दोन बोटांकडं पाहिलं आणि मान हलवली. "आलंय की. आई तुझी दोन म्हनालीय. दोन न्हाईत, तीन हायत. एक मागच्या अंगाला हाय, तिला अजून दिसल्यालं न्हाई."

आक्का बघतच राहिल्या.

"आत्ता न्हाई काढता यायचं," आण्णा पुढं सांगत होते. "बारकी हायत. त्यांची मुळं त्यास्नी फुटली, आपनहून सुटली, की मग. वरीसभर लागंल." ते थांबले. साखळीवरचा तेलाचा थेंब पायावर पडला, तो त्यांनी पुसला नाही. "पर तवर बघून जायाला काय हरकत हाय? कवा येतीस?"

पलीकडं नुसता श्वास ऐकू येत होता. मग श्रद्धा म्हणाली, "शनिवारी येते, आण्णा."

"ये. वाईवरनं साताऱ्याला ये, तिथनं सांगलीची धर. मी ष्ट्यांडवर येतो सायकल घेऊन." आणि मग आण्णा तिला सांगायला लागले, पोंगा कुजला की गड्डा कसा ओळखायचा, पातं कसं तापवून घ्यायचं, हळद कितपत भरायची. ती विचारत होती, ते सांगत होते. आक्कांचा हात भरून आला होता, खांदा दुखायला लागला होता, पण त्यांनी फोन खाली घेतला नाही.